बैलाच्या वेगाचा टायर

बीड जिल्ह्यात 'टायर सेंटर' या शब्दाचे दोन अर्थ होतात. पहिला सगळीकडचाच. रस्त्याकडेचं दुकान, बाहेर एकावर एक रचलेले काळे टायर, हवेचं मशीन आणि पंक्चर काढणारा पोरगा. दुसरा अर्थ ऊसतोडणीच्या जगातला. तिथे टोळ्यांची वर्गवारी ऊस कसा वाहिला जातो त्यावरून होते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणारे ते 'डोकी सेंटर'. आणि नवरा-बायकोचा एक कोयता, स्वतःची बैलजोडी आणि कारखान्याकडून भाड्याने मिळालेली रबरी टायरची गाडी, असा ज्यांचा संसार ते 'टायर सेंटर'. माझे आजोबा पाच-सहा गळीत हंगाम टायर सेंटरला होते. मी पुण्यात कोड लिहितो. दोघांच्या मधे माझा मामेभाऊ आहे. तो सात सीटची जुनी गाडी घेऊन बीड-पुणे प्रवासी मारतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "दादा, चार टायर मिळायलेत. सेकंडहँड, पण नक्षी चांगली हाय. बावीसशेला एक. घेऊ का?"

प्रश्न साधा होता आणि इंटरनेटवर त्याची दोन सोपी उत्तरं तयार असतात. टायर विकणाऱ्या कंपन्यांचं उत्तर 'कधीच नाही' आणि जुने टायर विकणाऱ्यांचं 'बघून घेतलं तर काय हरकत आहे'. पण आमच्या जिल्ह्यात तीन पिढ्या जुन्या टायरवरच चालल्या. आजोबांच्या गाडीचे टायर नवे कधीच नव्हते. कारखान्याचा टायर कुठून आला, त्याआधी कुठल्या गाडीला होता, हे कोणी विचारत नसे. मग ते सगळे वेडे होते का? नव्हते. ते का वाचले आणि माझ्या भावाचं तसं का नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

टायर हा मुळात परत वितळवता न येणारा पदार्थ आहे, इथून सुरुवात करू. झाडाच्या चिकातलं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला कळलं की रबरात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ आणि लवचिक होतं. पण हा रस्ता एकेरी आहे. लोखंडाची गाडी भट्टीत घातली की नवं लोखंड मिळतं, घासलेला टायर भट्टीत घातला तर तेल, काजळी आणि धूर मिळतो. म्हणून जुन्या टायरला जगात नेहमी एकच वाट राहिली: त्याला दुसरं काम शोधून द्यायचं. आमच्याकडे त्याची चप्पल होते, ट्यूबवर पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पत्रा उडू नये म्हणून छपरावर टायर ठेवतात, आणि काठीने टायर पळवत शाळेत जाणं हा तर एका पिढीचा खेळच होता.

हवा भरलेला टायर स्कॉटलंडच्या जॉन बॉइड डनलपने १८८८ साली बेलफास्टमध्ये पेटंट केला. (त्याच्या चाळीस वर्षं आधी रॉबर्ट थॉमसनने हेच केलं होतं, पण तेव्हा त्याची गरज असलेलं वाहनच नव्हतं. स्टार्टअपवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.) भारतात पहिला टायर कारखाना १९३६ साली निघाला, बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला, तोही डनलपचाच. पुढे काही वर्षांतच मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना आला.

डनलपपुढे एक मजेशीर अडचण होती. देशात मोटारी मूठभर आणि बैलगाड्या लाखोंनी. त्या गाड्यांच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवलेली असे. ही धाव खडीचा रस्ता चाकूसारखी कापायची. मोटारीचं युग येत होतं, रस्त्यांच्या पैशासाठी पेट्रोलवर उपकर बसवायची शिफारस १९२८ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली होती, आणि रस्ता बांधणाऱ्या इंजिनियरांना बैलगाडीची धाव डोळ्यांत खुपत होती. डनलपने बैलगाडीसाठी हवेचे टायर काढले. उत्तरेत पंजाब-उत्तर प्रदेशाकडे त्या गाडीचं नावच 'डनलप' पडलं. आपल्याकडे ती नुसती 'टायरची गाडी' झाली.

नवा टायर घेऊन बैलगाडीला लावणारा शेतकरी अर्थातच विरळा. टायरची गाडी खेड्यात रुजली ती मोटारीच्या उतरलेल्या टायरांवर. राजस्थानात उंटगाड्यांना विमानाचे जुने टायर लावलेले आजही दिसतात.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद संस्थानाने १९३२ साली रेल्वेच्या जोडीला सरकारी बससेवा सुरू केली, सत्तावीस गाड्यांनी. बीड शहराला रेल्वे कधी आली हे वेगळं सांगायला हवं. परळीला ती होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. म्हणजे जवळपास शंभर वर्षं या शहरात जे आलं आणि इथून जे गेलं, ते सगळं टायरवर. लग्नाचं वऱ्हाड, सरकी, एसटीतला पेशंट, कोयते आणि मीसुद्धा.

मग महायुद्ध आलं. १९४२च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतलं, पाठोपाठ डच ईस्ट इंडीज. दोस्त राष्ट्रांच्या हातातून जगातल्या नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा गेला. अमेरिकेत टायरचं रेशनिंग सुरू झालं आणि टायर वाचावेत म्हणून देशभर वेगमर्यादा ताशी ३५ मैलांवर आणली. हे नीट वाचा. पेट्रोलपेक्षा रबर वाचवायला वेग कमी केला. जुना टायर हळू चालवला तर टिकतो, हे तिथल्या सरकारने कायदा करून सांगितलं. भारतातही टायर नियंत्रणाखाली गेले, पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर बस धावू लागल्या आणि घासलेला टायर फेकायचा नसतो ही सवय सगळ्यांना लागली.

स्वातंत्र्यानंतर टंचाई संपली नाही. त्या टंचाईतून जी गोष्ट घडली ती मला फार आवडते. के. एम. मम्मन मापिल्लै नावाच्या केरळी तरुणाने १९४६ साली मद्रासमध्ये फुगे बनवायचा छोटा उद्योग काढला. १९५२ साली त्याने घासलेल्या टायरवर चढवायच्या रबराच्या पट्ट्या करायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत त्या धंद्यात देशात पहिला झाला. नवे टायर त्याने बनवले ते १९६१ पासून. कंपनीचं नाव मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे एमआरएफ. तेंडुलकरच्या बॅटवर जी अक्षरं होती ती कंपनी जुन्या टायरांना नवी कातडी चढवून मोठी झाली.

या कातडी चढवण्याला आपल्याकडे 'रिमोल्ड' म्हणतात. त्यात एक शहाणपण आहे. टायरचा सांगाडा महाग आणि टिकाऊ असतो, वरची नक्षी स्वस्त आणि झिजणारी. म्हणून सांगाडा तपासायचा, धड असेल तर नवी नक्षी चढवायची. एसटी महामंडळाचे स्वतःचे रिमोल्डचे कारखाने आहेत. आणि जड वाहनांच्या धंद्यात सगळीकडे एक रिवाज आहे: नवा टायर पुढे, रिमोल्ड मागे. पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातातून जातं. मागे जोडचाक असतं, एक गेला तर दुसरा भार घेतो.

आता साखळी बघा. ट्रकच्या पुढच्या चाकाचा टायर झिजला की मागे गेला. मागे झिजला की रिमोल्ड झाला. रिमोल्ड झिजला की ट्रॉलीला गेला. ट्रॉलीतून उतरला की बैलगाडीला. बैलगाडीतून उतरला की चपलेला किंवा छपरावर. ही उतरण कोणी कागदावर आखली नव्हती, पण तिच्यात एक नियम घट्ट बसलेला आहे. प्रत्येक पायरीला टायर जुना होतो आणि वेग कमी होतो.

टायर झिजून मरतो असं आपल्याला वाटतं. तो बऱ्याचदा तापून मरतो. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढे जाऊन परत गोल होतो. प्रत्येक वेळी रबर आतल्या आत घासलं जातं आणि थोडी उष्णता तयार होते. माझ्या भावाच्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १०० किलोमीटरला टायरचा प्रत्येक बिंदू सेकंदाला चौदा वेळा चेपतो आणि सुटतो. बैल ताशी चार किलोमीटर चालतो. आजोबांच्या गाडीचा टायर अडीच सेकंदांत एकदा चेपत होता. तापायला त्याला उसंतच फार होती. त्यातून फुटलाच तर गाडी खाली बसायची, आजोबा बैलांना दोन शिव्या द्यायचे आणि हंगामाचा एक दिवस बुडायचा. एका दिवसाचं नुकसान त्यांना परवडत नव्हतं, ते वेगळं. पण कोणी मरत नव्हतं.

(बैलांचं मात्र भलं झालं नाही. टायरमुळे ओढ हलकी झाली, तेव्हा जनावराचा त्रास कमी व्हायला हवा होता. वाढला भर. उसाने लादलेल्या टायरगाड्या चढावर ओढताना बैल गुडघ्यावर येतात, हे साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर कोणीही पाहिलं असेल. टायरमध्ये झालेली प्रत्येक सुधारणा माणसाने लगेच जास्त वजनात नाहीतर जास्त वेगात खर्च करून टाकली आहे.)

ही उतरण दोन गोष्टींनी मोडली.

पहिली, रेडियल टायर. फ्रान्समध्ये मिशेलिनने १९४६ साली त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे मोटारींना तो ऐंशी-नव्वदच्या दशकांत सर्रास आला. त्याआधीच्या टायरला दुकानदार अजून 'नायलॉन' म्हणतात. नायलॉन टायर म्हातारा झाला की दिसायचा: गोटा व्हायचा, कडेला फाटायचा, आतला धागा बाहेर यायचा. रेडियलमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. तो जास्त चालतो, कमी तापतो, सगळं खरं. पण त्याचं म्हातारपण आत होतं. ऑक्सिजन रबरात मुरत जातो, रबर कडक होतं, पट्ट्यांच्या कडेला ते सुटू लागतं. वरून नक्षी सहा मिलिमीटर असू शकते. ही क्रिया उन्हात वेगाने होते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले, ते या पट्ट्यांवरून नक्षी सुटून येत होती म्हणून. तक्रारी जास्त कुठून आल्या? टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांतून. बीडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला नकाशा समजावून सांगायला नको.

नक्षी शाबूत आणि टायर मेलेला, याचं सगळ्यात वाईट उदाहरण इंग्लंडमधलं आहे. सप्टेंबर २०१२मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुण मुलांची बस सरे परगण्यात रस्त्याबाहेर गेली. तिघं मेले. पुढचा टायर फुटला होता. तो साडेएकोणीस वर्षांचा निघाला, बसपेक्षाही जुना. आणि तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं, कारण कायदा नक्षी मोजत होता, वय नाही. मेलेल्यांतल्या एका मुलाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरच्या टायरला बंदी आली.

दुसरी मोडणारी गोष्ट म्हणजे रस्ता. धुळे-सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा आमच्या जिल्ह्याच्या मधून जातो. मी शाळेत असताना त्यावर खड्डे चुकवत साठने गेलं तरी पोटात ढवळायचं. आता चौपदरी झालाय आणि शंभरची मर्यादा पाळणाऱ्याला मागून हॉर्न बसतात. जालन्याहून समृद्धीला लागलं तर मर्यादाच १२०. तिथे अपघात वाढल्यावर २०२३मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाजवळ टायर तपासायला घेतले आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या.

म्हणजे गंमत अशी झाली की ट्रकचा टायर अजून खालच्या पायरीला उतरतो, पण मोटारीचा जुना टायर उतरतच नाही. पुण्यातल्या एखाद्याने नवी गाडी वापरून, पाच वर्षं सोसायटीच्या उन्हात उभी करून टायर बदलले, तर ते टायर बीडला येऊन तशाच गाडीला लागतात. तोच वेग, बहुतेक वेळा जास्त माणसं, डोक्यावर जास्त ऊन. वय वाढलं, काम हलकं झालं नाही.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. त्याला आकडे लागतात, म्हणून आकडे मांडले. समजा नवा टायर ६,००० रुपयांना आहे आणि नक्षी ८ मिलिमीटर. मोटार वाहन नियमांप्रमाणे नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. म्हणजे वापरायला मिळाले ६.४ मिलिमीटर, एकाला साधारण ९४० रुपये. जुना २,२०० रुपयांना, नक्षी ४ मिलिमीटर. वापरायला २.४ मिलिमीटर, एकाला साधारण ९२० रुपये. फरक वीस रुपयांचा, आणि बसवणं, बॅलन्सिंग हा खर्च जुन्याला दोन-तीनदा जास्त. आता पावसाळा धरा. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायचा तर तीन मिलिमीटरच्या खाली टायर घसरायला लागतो. तीनपर्यंतच वापरायचं ठरवलं तर नव्याचे ५ मिलिमीटर, एकाला १,२०० रुपये. जुन्याचा एकच मिलिमीटर, २,२०० रुपये. स्वस्त टायर जवळपास दुप्पट महाग झाला.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, पण चोवीस हजार आज कुठून आणू?" याला माझ्या गणितात उत्तर नव्हतं. हप्त्यावर घेतलेला फोन असतो तसा हप्त्यावर टायरही मिळतो, पण ज्याची गाडीच हप्त्यावर आहे त्याला आणखी एक हप्ता सुचवणं सोपं नसतं. जुना टायर हा आळशी किंवा बेपर्वा माणसाचा सौदा नसतो, आज हातात किती आहेत त्याचा असतो. त्यामुळे 'जुना टायर घेऊच नका' असं सांगून मोकळं होणाऱ्यांशी माझं पटत नाही.

मग आम्ही दोघं दुकानात जाऊन ते चार टायर बघून आलो. टायरच्या कडेला 'डीओटी'ने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. बऱ्याचदा हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघावा लागतो, आणि विकणारा उलटू देत नसेल तर तिथेच उठावं. चारपैकी दोन २०१६चे होते. एकाला आतून चार बोटांचा ठिगळ होता, कडेच्या भिंतीला, जिथे ठिगळ चालतच नाही. पॉलिश मात्र चौघांनाही इतकं की तोंड दिसावं. नक्षी चांगली आहे म्हणालेला, ती एकाची पुन्हा कापून खोल केलेली होती. नक्षीच्या खाचांत आडव्या छोट्या उंचवट्याच्या खुणा असतात, टायर तिथवर झिजला की संपला. कापलेल्या टायरमध्ये त्या खुणाही कापल्या जातात. खूणच सापडत नसेल तर टायर हातातून ठेवून द्यावा.

जुन्या टायरचा चांगला सौदा असतो, पण तो वेगळा. काही जण शोरूममधून गाडी आणली की महिन्याभरात रुंद टायर टाकतात आणि कंपनीचे टायर विकतात. हजारभर किलोमीटर चाललेला, तारीख ताजी, पंक्चर नाही, चारही एकाच गाडीचे. असा सेट निम्म्या किमतीत मिळाला तर मी स्वतः घेईन. पण तो बीडच्या रस्त्याकडेला सहसा पोचत नाही, शहरात हातोहात जातो. त्याखेरीज जुना टायर स्टेपनीला चालेल, साठच्या वर न जाण्याच्या अटीवर. शेतातल्या ट्रॉलीला चालेल. पुण्याला सात माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीला नाही.

भावाने शेवटी दोन नवे घेतले, अर्धे पैसे मी दिले, आणि ते मागच्या चाकांना बसवले. त्यावर दुकानदाराने वाद घातला, नवे पुढे टाका म्हणाला. त्याच्या डोक्यात ट्रकचा हिशोब. छोट्या गाडीत पावसात मागचं चाक घसरलं तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ते सावरणं कुणाच्या हातात नसतं, म्हणून नवे मागे. पुढे मागचेच बरे दोन आले. दिवाळीनंतर कोयते गेले की धंदा वाढतो, तेव्हा उरलेले दोन घेऊ असं ठरलं.

उतरवलेले दोन टायर गोटा झाले होते, एकाची तार बाहेर आली होती. ते दुकानदारानेच तीनशे-तीनशेला ठेवून घेतले. मी विचारलं, हे कशाला लावणार, हातगाडीला का ट्रॉलीला?

"जी गाडी येईल तिला," तो म्हणाला आणि पॉलिशचा डबा शोधायला आत गेला.